उंदराचे कान आणि माणसाची कातडी



ज्यांच्या स्मरणार्थ आदिलाबादेत ही व्याख्यानमाला चालते ते सर शास्त्राचे शिक्षक होते, आणि वक्त्याने घोटभर पाण्यापुरतेही विषयाबाहेर जाऊ नये अशी त्यांची शिस्त होती, असे मला आधीच बजावण्यात आले आहे. तेव्हा थेट विषयालाच हात घालतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कापूस आहे, आणि कापूस आहे म्हणजे फवारणीच्या बाटल्याही आहेत. बाटलीच्या लेबलवर एक तिरपा चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. हे शेतकऱ्याला पाठ आहे. कृषी सेवा केंद्रातला पोरगाही गिऱ्हाइकाला सांगतो, ‘घ्या काका, हिरवं आहे, काही होत नाही.’ आता मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घ्या. पिवळसर भुकटी, मिरचीवर, टोमॅटोवर सर्रास मारली जाणारी. तिच्यावरचा रंग हिरवा. आणि युरोपच्या अधिकृत वर्गीकरणात हेच मॅन्कोझेब त्वचेची ॲलर्जी करणारे रसायन म्हणून नोंदलेले आहे.

यात कोणी लबाडी केली असे समजू नका. तो रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे ठरतो, आणि नियम विचारतो एवढेच, की प्रयोगशाळेतल्या जनावरांपैकी निम्मी मरायला किती मात्रा लागते? पोटातून दिल्यावर किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या आत काम झाले तर लाल. ५,००० च्या वर गेले तर हिरवा. म्हणजे हा रंग मरण्याचा हिशेब सांगतो. अंगाला उठण्याचा हिशेब तो सांगतच नाही. तसे त्याला कोणी विचारलेलेही नाही. २०१७ च्या हंगामात पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा आपण सगळे विषबाधेवर बोललो आणि ते योग्यच होते. पण त्याच फवारणीने ज्यांचे हात, मान, पापण्या वर्षानुवर्षे सोलवटतात त्यांचा मरणाशी संबंध नसल्यामुळे त्यांची बातमी होत नाही.

ॲलर्जीचीही चाचणी असते. कीटकनाशकाच्या नोंदणीच्या कागदपत्रांत तिचा अहवाल जोडलेला असतो. ती बहुधा गिनीपिगवर किंवा उंदरावर केलेली असते. त्या अहवालावर विसंबावे किती, हा आजचा प्रश्न.

विष आणि ॲलर्जी यांतला फरक आपल्या भागात समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण आपल्या जंगलात बिब्बा आहे. काटा मोडला की गरम बिब्ब्याचा चटका देणारी आजी आणि बिब्बा उतला म्हणून आठवडाभर सुजलेले तोंड घेऊन बसणारा नातू एकाच घरात असतात. त्याच बियांमधली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते. विष असते तर थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच बाधले असते. बिब्ब्याच्या तेलात लांब शेपटीची काही फिनॉल जातीची द्रव्ये असतात. ती कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. एरवी एवढ्या लहान रेणूची शरीराची पहारेदार यंत्रणा दखलही घेत नाही. पण प्रथिनाला चिकटलेला रेणू तिला परका दिसतो. कातडीतल्या काही पेशी ही खबर जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात, तिथे त्या रेणूला ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज तयार होते, आणि पुढच्या वेळी तो रेणू कातडीला लागला की एक-दोन दिवसांनी फोड उठतात. पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. म्हणूनच ‘मी तर दहा वर्षं हेच औषध मारतोय’ हा युक्तिवाद ॲलर्जीच्या बाबतीत कुचकामी आहे.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मनगटांवर आणि मानेवर विचित्र चट्टे उठू लागले. आपले परीट कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याची शाई वापरत; खूण जिथे कातडीला टेकायची तिथेच चट्टा. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या डॉक्टरांनी १९४३ साली हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यासाठी एकही प्राणी लागला नाही. खूण कुठे आहे आणि चट्टा कुठे आहे हे कोणीतरी नीट पाहिले एवढेच. ही गोष्ट लक्षात असू द्या, मला तिचा पुढे उपयोग आहे.

आता प्राण्यांकडे येऊ. कातडीला पट्टी लावून ॲलर्जी तपासायची, म्हणजे पॅच टेस्टची, कल्पना जोसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाची, १८९५ ची, आणि ती माणसावरची. गिनीपिग आला १९३५ च्या सुमारास. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लांडस्टायनर आणि जेकब्स यांनी दाखवले की साध्या रसायनांनी गिनीपिगच्या कातडीत ॲलर्जी उत्पन्न करता येते, आणि रसायनाची प्रथिनाला चिकटण्याची ताकद व ॲलर्जी यांचा जवळचा संबंध आहे. हा शोध पक्का आहे, आजही त्यावरच सगळे उभे आहे. म्हणून ‘प्राण्यांवरचे प्रयोग निरुपयोगी’ असे सरसकट बोलणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. आज ॲलर्जीची यंत्रणा आपल्याला माहीत आहे ती बऱ्याच अंशी गिनीपिग आणि उंदरामुळेच. पण यंत्रणा शोधायला उपयोगी पडलेला प्राणी उद्या बाजारात येणाऱ्या एखाद्या रसायनाबद्दल बरोबर भाकीत करील, ही अपेक्षा निराळी आहे. गल्लत होते ती इथे.

१९६५ साली ब्यूलर यांची चाचणी आली, आणि १९६९ साली मॅग्नुसन व क्लिगमन यांची. दुसरी अधिक कडक, कारण तिच्यात रसायनासोबत फ्रॉइंडचे मिश्रण टोचतात. या मिश्रणातल्या मेलेल्या क्षयजंतूंमुळे पहारेदार यंत्रणा आधीच चिडलेली असते. ही चाचणी मी स्वतः केलेली आहे. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे हैदराबादेत एका खासगी प्रयोगशाळेत गेली, म्हणून ती जवळून सांगू शकतो.

पांढऱ्या गिनीपिगचे खांद्याजवळचे केस काढायचे, इंजेक्शने द्यायची. आठवड्याने त्याच जागी रसायनाची पट्टी दोन दिवस बांधून ठेवायची. मग दोन आठवडे थांबायचे. शेवटी कुशीवर नवी पट्टी, ती २४ तासांनी काढायची, आणि पुढे एक-एक दिवसाच्या अंतराने दोनदा पाहायचे. काय पाहायचे? लाली. काही नाही तर शून्य, तुटक लाली असेल तर एक, सलग मध्यम लाली दोन, गडद लाली आणि सूज तीन. नियम असा की ३० टक्के किंवा त्याहून अधिक जनावरांत प्रतिक्रिया दिसली की रसायन ॲलर्जीकारक. आणि जनावरे किती? किमान दहा, संशय राहिला तर वीस.

आता हिशेब करा. दहा जनावरांत प्रत्येकाचे वजन दहा टक्के. दोन जनावरे लाल आणि तिसऱ्याच्या कुशीवर एक फिकट गुलाबी सावली. वस्तरा जरा जोरात फिरल्याची आहे का? चिकटपट्टी ओढल्याची आहे का? एक निरीक्षक म्हणतो शून्य, दुसरा म्हणतो एक. शून्य धरला तर रसायन सुटले, एक धरला तर अडकले. खिडकीतला उजेड आणि नळीच्या दिव्याचा उजेड यांनीही मत बदलते. आम्ही प्रामाणिक होतो. कोणत्या जनावराला काय लावले हे पाहणाऱ्याला कळू देत नव्हतो. पण प्रामाणिकपणाने लाली गडद होत नाही. अहवालात मात्र तो ‘१’ टंकलिखित होऊन आला की त्याची फिकट छटा नाहीशी होते.

ही अडचण ओळखूनच ब्रिटनमध्ये इयन किंबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस उंदराची चाचणी बसवली. ती मला आवडते. तिच्यात अक्कल आहे. फोड उठण्याची वाट पाहायची नाही, फौज जमतानाच मोजायची. उंदराच्या दोन्ही कानांच्या मागच्या बाजूला तीन दिवस रसायन लावतात. सहाव्या दिवशी किरणोत्सारी थायमिडीन टोचतात, पाच तासांनी कानाजवळच्या लसिका ग्रंथी काढतात आणि त्यांत किती किरणोत्सार शिरला ते यंत्राने मोजतात. पेशी जितक्या वेगाने वाढतात तितके थायमिडीन त्या ओढून घेतात. आपल्याकडे पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, तसे कानाला रसायन लागल्यावर येणारे अवधाण मोजायचे. नुसत्या द्रावकाच्या मानाने वाढ तिप्पट झाली की रसायन ॲलर्जीकारक. डोळ्याचे काम यंत्राकडे गेले, जनावराचे हालही कमी झाले. २००२ साली आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, जिला ओईसीडी म्हणतात, या चाचणीला ४२९ क्रमांकाची मार्गदर्शिका दिली आणि ती जगभर प्रमाण ठरली.

प्रमाण ठरली, पण कशाच्या तुलनेत? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी आंतरखात्यीय समितीने या उंदीर-चाचणीची छाननी केली. उंदीर आणि गिनीपिग यांचे एकमेकांशी सुमारे ८६ टक्के जुळत होते. समाधानकारक वाटते. पण उंदराचे माणसाशी किती जुळते? सुमारे ७२ टक्के. गिनीपिगचे माणसाशी? तेही ७२ टक्क्यांच्याच आसपास. दोन साक्षीदार एकमेकांशी चांगले जुळत होते आणि दोघेही घडलेल्या घटनेशी तेवढे जुळत नव्हते. कोर्टात असे झाले तर वकील काय म्हणेल ते आपण जाणता.

यापुढचा आकडा अधिक बोलका आहे. २०२१ मध्ये ओईसीडीची ४९७ वी मार्गदर्शिका आली, आणि तिच्यासाठी उंदराचे निकाल माणसाच्या नोंदींशी पुन्हा एकदा ताडून पाहण्यात आले. एकूण अचूकता ७४ टक्के. बावीस वर्षांनी तेच. पण या वेळी फोड करून पाहिले तर असे निघाले: माणसाला ॲलर्जी करणाऱ्या रसायनांपैकी उंदराने सुमारे ९४ टक्के पकडली, आणि माणसाला काही न करणाऱ्या रसायनांपैकी त्याने जेमतेम २२ टक्क्यांना निर्दोष सोडले. बाकीच्यांवरही तो ओरडलाच. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारे कुत्रे चोर चुकवत नाही हे खरे, पण त्याच्या भुंकण्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंना सारखे महत्त्व देऊन सरासरी काढली तर ती ५८ टक्के येते. नाणेफेक केली तरी ५० मिळतात.

यावर माझे काही मित्र म्हणतात, ‘मग काय बिघडले? सावधगिरीच्या बाजूने चूक झालेली बरी.’ साबण-शाम्पूतला सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस करणारा पदार्थ कातडीला नुसता चुरचुरतो, खरी ॲलर्जी करत नाही; उंदीर मात्र त्याला दोषी ठरवतो. मानले, फार बिघडत नाही. पण ज्या सहा टक्क्यांच्या बाबतीत उंदीर गप्प राहतो त्यांत कोण बसले आहे ते पाहा.

निकेल. जगभरातल्या पॅच टेस्टमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडणारा धातू. खोट्या दागिन्यांत, घड्याळाच्या बकलात, जीन्सच्या बटणात, चष्म्याच्या काडीत. केसलापूरच्या नागोबा जत्रेत कानातल्यांचे ढीग मांडून बसलेल्या दुकानांसमोरून चालत जा आणि ते बाजूला सारून पाहणाऱ्या बायकांच्या कानांच्या पाळ्यांकडे पाहा. पाळीच्या छिद्राभोवती काळवंडलेली, खवले धरलेली, मधूनच चिघळणारी कातडी तुम्हाला दिसेल. ‘मला खोटं चालत नाही’ असे म्हणणारी बाई प्रत्येक घरात असते. तिचे निदान तिने स्वतःच केलेले आहे. उंदराच्या प्रमाण चाचणीत मात्र निकेल क्लोराइड नापास होते, म्हणजे निर्दोष ठरते. पुढे द्रावक बदलून निकेलच्या दुसऱ्या एका क्षाराबाबत होकार मिळवता आला. त्यातून निकेलपेक्षा द्रावकाबद्दलच जास्त कळले, असे माझे मत.

असे का होते याचे उत्तर २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी ‘नेचर इम्युनॉलॉजी’ मध्ये दिले, आणि ते इतके नेमके आहे की सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचे एक प्रथिन असते. जंतू आले की धोक्याची घंटा वाजवणे हे त्याचे काम. माणसाच्या या प्रथिनात ४५६ आणि ४५८ या जागांवर हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल आहे. निकेल तिथे जाऊन बसते आणि जंतू नसताना घंटा वाजते. उंदराच्या प्रथिनात त्या जागांवर हिस्टिडीन नाही. निकेलला बसायला जागाच नाही, घंटा वाजणार कशी? ज्या उंदरांत माणसाचे प्रथिन घातले त्यांना निकेल बाधू लागले. म्हणजे उंदीर निकेलच्या बाबतीत खोटे बोलत नव्हता. उंदराला निकेल खरोखरच बाधत नाही. तुम्ही त्याला माणसाबद्दल विचारत होतात, तो स्वतःबद्दल सांगत होता. किती जनावरे वाढवली, किती वेळा प्रयोग केला, यंत्र कितीही महागाचे आणले तरी ही चूक सुटली नसती.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण केसांच्या कलपाचे. त्यातल्या पॅरा-फेनिलिनडायअमिनबाबत उंदीर, गिनीपिग आणि माणूस या तिघांचे एकमत आहे. ते जोरदार ॲलर्जीकारक आहे, कोणी शंकाच घेत नाही. आणि तरी ते स्वस्त पुडीत मिळते, काळी मेंदी म्हणून लग्नघरात हातावरही काढले जाते. कायद्याने त्याच्या पाकिटावर सूचना छापावी लागते: आधी थोडे लावून पाहा, मग वापरा. म्हणजे शेवटची चाचणी गिऱ्हाइकाच्याच कानामागे. रविवारी सकाळी सलूनमध्ये रांग लागलेली असताना दोन दिवस आधी कानामागे ठिपका लावून घ्यायला कोण येतो? तेव्हा चाचणी बरोबर असणे आणि चाचणीचा उपयोग होणे यांत बरेच अंतर आहे.

ते अंतर युरोपातही पडते. मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचे एक टिकाऊकारक आहे, क्रीम, शाम्पू, रंग यांत घालतात. ते ॲलर्जीकारक असल्याचे प्राण्यांच्या चाचणीत दिसले होते. तरी २००५ साली युरोपने दहा लाखांत शंभर भाग या मर्यादेत ते सौंदर्यप्रसाधनांत वापरायला मोकळीक दिली. एवढ्याशाने काय होणार, असा हिशेब. काही वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत रुग्णांची रीघ लागली, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने त्याला त्या वर्षीचा ॲलर्जीकारक म्हणून जाहीर केले, आणि अखेर अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून युरोपने ते काढून टाकले. उंदराने होकार दिला होता, पण किती मात्रेला माणूस बिघडेल हे उंदराकडून काढलेले गणित चुकले. ते गणित चुकले हे कळले कोणाला? पॅच टेस्टच्या नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांना.

आता आपण विचाराल की उंदराची बरोबरी ज्या ‘माणसाच्या नोंदीं’शी केली त्या आल्या कुठून? मोठा भाग अशा चाचण्यांतून आला ज्यांत निरोगी माणसांच्या कातडीवर मुद्दाम ॲलर्जी उत्पन्न करून पाहिली. त्यांतली एक प्रसिद्ध पद्धत १९६६ साली ॲल्बर्ट क्लिगमन यांनी मांडली. गिनीपिगच्या चाचणीतले क्लिगमन ते हेच. त्यांचे प्रयोग फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले. १९७० च्या दशकात ते बंद पडले, आणि आज कोणतीही नीतिसमिती त्यांना परवानगी देणार नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवतो म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की प्राणी किती चुकतो हे आपल्याला कळले ते काही प्रमाणात कैद्यांच्या पाठीवरून. माझ्याकडे यावर तोडगा नाही. ती माहिती फेकून द्यावी असेही मला वाटत नाही. पण ती वापरताना तिचा पत्ता लपवू नये.

प्राण्यांशिवायच्या चाचण्या आता आल्या आहेत. एकीत काचेच्या नळीत प्रथिनाचे तुकडे ठेवून रसायन त्यांना किती चिकटते ते पाहतात. लांडस्टायनरचा जुना धागाच. दुसरीत माणसाच्या कातडीच्या पेशी रसायन लागताच सावध होतात का ते. तिसरीत टीएचपी-वन नावाच्या पेशी वापरतात. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून या पेशी निघाल्या आणि प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत. तिन्हींना २०१५-१६ मध्ये ओईसीडीची मान्यता मिळाली, आणि २०२१ मध्ये साधा पंचायती नियम झाला: तिघांपैकी दोघे म्हणतील ते धरायचे. माणसाच्या नोंदींशी ताडल्यावर या पंचायतीची अचूकता सुमारे ८८ टक्के भरली. इथे एक मजा आहे. सुरुवातीची कित्येक वर्षे या नव्या चाचण्यांना उंदराच्या निकालाशी ताडून गुण दिले जात होते. उंदीर जिथे चुकला तिथे बरोबर उत्तर देणारी चाचणी नापास! उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडचीच उत्तरे चुकीची असली तर हुशार विद्यार्थ्याचे काय होते, हे इथल्या शिक्षकमंडळींना सांगायला नको.

नव्या चाचण्याही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. काचेच्या नळीतल्या चाचणीत धातू तपासता येत नाहीत. पाण्यात न विरघळणारे तेलकट पदार्थ अवघड जातात. काही रसायने मुळात निरुपद्रवी असतात आणि हवेत किंवा कातडीत गेल्यावर बदलून ॲलर्जीकारक होतात. संत्र्याच्या सालीतले लिमोनिन ताजे असताना गरीब, उघड्या बाटलीत जुने झाले की ऑक्सिजन घेऊन बिघडते. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण: या चाचण्या एकेका शुद्ध रसायनासाठी बसवलेल्या आहेत. शेतकऱ्याच्या पंपात शुद्ध रसायन कधीच नसते. मूळ औषध, त्यातला द्रावक, फेसक, टिकाऊकारक, वर दुकानदाराने ‘हे पण टाका’ म्हणून दिलेले टॉनिक, आणि तेलकट घामाने भिजलेला सदरा. हे मिश्रण ना उंदराच्या कानावर कधी गेले, ना काचेच्या नळीत.

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, आणि बाहेर तशी चाचणी केलेली प्रसाधने आणायलाही. प्रसाधनांना बंदी, पण कीटकनाशकांना नाही. लिपस्टिकसाठी ससा वाचला आणि बुरशीनाशकासाठी गिनीपिग कामाला राहिला. प्राण्यांच्या वतीने बोलणाऱ्यांचा आवाज जिथे पोचतो तिथपर्यंत कायदा गेला. माणसाच्या पेशींवर चाचण्या बसवण्याचे केंद्र हैदराबादेत सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आवारात निघालेले आहे, म्हणजे ज्ञान राज्याच्या राजधानीपर्यंत आलेले आहे.

मात्र त्या ज्ञानाला लागणारे खाद्य, म्हणजे माणसांच्या नोंदी, राजधानीत नाही. गाजर गवताचे पाहा. काहीजण त्याला काँग्रेस गवत म्हणतात, तेलुगू शेजारी वय्यारी भामा म्हणतात. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते; १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात त्याची नोंद झाली आणि दोन दशकांत शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपरांच्या खळग्या जाड होऊन खाजू लागल्या. हवेतून उडणारा कणच पुरत होता. हे गवताचेच काम आहे आणि त्यातले पार्थेनिन त्याला जबाबदार आहे, हे पुण्याच्या डॉ. लोणकरांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले. त्याचे बी देशात आणण्यापूर्वी कोणी गिनीपिगवर तपासणार नव्हतेच. परटाच्या खुणेसारखेच हेही माणसांना पाहून कळले. आज भारतीय पॅच टेस्ट संचात पार्थेनियमचा, म्हणजे याच गवताचा, ठिपका असतो तो त्यामुळे.

माझे म्हणणे एवढेच आहे. प्राण्याच्या चाचणीवर विसंबावे किती, हा प्रश्न प्राण्याकडे पाहून सुटत नाही. माणसाच्या किती आणि कशा नोंदी तुमच्याकडे आहेत यावर तो सुटतो. ताडून पाहायला माणूसच नसेल तर उंदीर शंभर टक्के बरोबर वाटतो. आणि जगाने आजवर ज्या माणसांशी ताडून पाहिले ती प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतली आहेत, थंड हवेतली, क्रीम-शाम्पू वापरणारी. उटनूरच्या कोलाम मजुराच्या हातावर काय लागते आणि बेला-जैनथच्या कापूस वेचणारणीच्या मानेवर काय उठते, ते त्या कोष्टकात कुठेच नाही. काळ्या-सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही. ती जांभळट, राखी दिसते, किंवा हाताला उंचवटा लागतो. गिनीपिगची फिकट गुलाबी सावली ओळखायला मी शिकलो. सावळ्या पाठीवरचा ‘एक’ ओळखायला पुढे वेगळे शिकावे लागले.

म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी, रिम्ससारख्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, पॅच टेस्टची एक नोंदवही असावी: रुग्ण काय काम करतो, कोणते औषध हाताळतो, कोणता ठिपका उठला. नाव नको, गाव नको, काम पुरे. पॅच टेस्टचा संच फार महाग नाही. अडचण वेगळीच आहे. पॅच टेस्टला माणूस तीनदा यावा लागतो. पहिल्या दिवशी पाठीवर पट्ट्या लावायच्या, ४८ तासांनी काढून पाहायचे, आणि ९६ तासांनी पुन्हा, कारण काही ठिपके उशिरा उठतात. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, ओझे उचलायचे नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात आदिलाबादेत पट्टी दोन तास टिकत नाही. पावसाळ्यात निंदणी आणि फवारणी. दिवाळीपासून वेचणी; तेव्हा दिवस बुडवणे परवडत नाही. नागोबाच्या जत्रेचा पौष-माघाचा काळ तेवढा सोयीचा, थंडीही असते. पण मुक्कामी आलेल्या माणसाला देवापुढे पाठ उघडी करून पट्ट्या लावा म्हणायला मी तरी जाणार नाही. तेव्हा राहते ती साधी गोष्ट: तीन खेपांचे बसभाडे आणि तीन बुडलेल्या मजुऱ्या. गिनीपिगच्या एका चाचणीसाठी कंपनी महिनाभर दाणापाणी, पिंजरे आणि माणसे यांवर खर्च करते आणि तो औषधाच्या किमतीतून वसूल करते. मजुराच्या तीन खेपांचा खर्च त्याच किमतीतून का वसूल होऊ नये, आणि तो आरोग्य खात्याने मागायचा की कृषी खात्याने, हे इथे बसलेल्या दोन्ही खात्यांच्या मंडळींनी मला चहाच्या वेळी सांगावे.